चेंडूफेक आणि बॅटीचा फटका : शरीरगतीचा तौलनिक अभ्यास

हाताने वस्तू दूर भिरकावणे आणि काठीने वस्तूस टोला देणे या मानवाच्या दोन अतिप्राचीन हालचाली होत. शिकार, पिकांची राखण, जनावरांची हाकाटी आणि खेळ या सर्वांत त्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या कुशीत वसलेल्या मुळशी तालुक्यात तर या दोन्ही हालचाली रोजच्या जीवनाचा भाग होत्या. डोंगरउतारावरील नाचणी-वरईवर उतरणारी पाखरे गोफणीने उडवावयाची, गावठाणात विटी-दांडू मांडावयाचा आणि भात कापून झाल्यावर पेंढ्या झोडावयाच्या, हे तेथील मुलाला कोणी वेगळे शिकविले नाही. आज त्याच कापणी झालेल्या खाचरांत दिवाळीनंतर टेनिसच्या चेंडूचे क्रिकेट रंगते. तालुक्याच्या पूर्व टोकाला, म्हाळुंगे-बालेवाडी येथे, श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल उभे आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा, २००८ च्या राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा आणि २०१३ ची आशियाई मैदानी अजिंक्यपद स्पर्धा या संकुलाने पाहिली. एका टोकाला खाचर आणि दुसऱ्या टोकाला आंतरराष्ट्रीय दर्जाचे मैदान, अशी या तालुक्याची क्रीडाभूमी आहे.

मैदानावर शिकविणाऱ्यांना एक प्रश्न नेहमी पडतो. डोक्यावरून चेंडू फेकणे आणि बॅट फिरविणे या मुळात एकच हालचाली आहेत काय? एक चांगली आली म्हणजे दुसरी आपोआप येते काय? काही प्रशिक्षक 'चेंडू फेकल्यासारखी बॅट फिरव' असे सांगतात, तर काही जण दोहोंचा संबंधच मानीत नाहीत. हा वाद केवळ शब्दांचा नाही. शाळेत खेळाच्या तासाला मिळणारा वेळ मोजका असतो आणि वाढत्या वयातील मुलांचे खांदे व कोपरे नाजूक असतात. कोणती तयारी दोन्ही कौशल्यांना उपकारक ठरते आणि कोणती एकाच कौशल्यापुरती मर्यादित असते, हे कळल्याखेरीज त्या वेळाचा आणि त्या हातांचा योग्य विनियोग होऊ शकत नाही.

आरंभी एक खुलासा आवश्यक आहे. क्रिकेटमधील गोलंदाजी ही फेक नव्हे. चेंडू टाकताना कोपर ठरावीक मर्यादेपलीकडे सरळ करण्यास नियमाने मनाई आहे. २००५ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये ही मर्यादा १५ अंश आहे. त्यामुळे प्रस्तुत विवेचनातील 'फेक' म्हणजे क्षेत्ररक्षकाने सीमारेषेवरून केलेली फेक, बेसबॉलमधील चेंडूफेक किंवा भालाफेक होय. वर्णनाच्या सोयीसाठी खेळाडू उजव्या हाताचा आहे असे धरले आहे.

फेक कशी घडते?

फेक हाताने होते असे दिसते, परंतु तिचा आरंभ पायांपासून होतो. खेळाडू प्रथम बाजूवर वळतो, शरीराचा भार उजव्या पायावर घेतो आणि डावा पाय लक्ष्याच्या दिशेने लांब टाकतो. बेसबॉलमधील सराईत फेकणाऱ्याचे हे पाऊल त्याच्या उंचीच्या पाऊणपटीहूनही अधिक लांब पडते. डावा पाय जमिनीवर ठाम रोवला गेला की पुढे धावणारे शरीर तेथे अडते. या अडण्यातूनच कटिप्रदेश डावीकडे फिरू लागतो. त्याच्या मागोमाग छाती व खांदे फिरतात. हात मात्र या वेळी मागेच राहिलेला असतो.

हे 'मागे राहणे' हाच फेकीचा प्राण होय. छाती पुढे वळत असता कोपरात वाकलेला हात खांद्याच्या सांध्यात मागच्या बाजूस पिळला जातो. हाताचा पुढील भाग इतका मागे लवतो, की चेंडू धरलेला तळहात जवळजवळ आकाशाकडे वळतो. या क्षणी खांद्यापुढील स्नायू, कंडरा व अस्थिबंध ताणलेल्या रबराप्रमाणे शक्ती साठवितात. पुढच्याच क्षणी हा पीळ उलट दिशेने सुटतो. प्रौढ बेसबॉलपटूंच्या मोजणीत भुजास्थीच्या या आतील फिरण्याचा वेग सेकंदास सुमारे ७,००० अंश आढळला आहे. या वेगाने एखादे चाक फिरले तर ते एका सेकंदात एकोणीसहून अधिक फेऱ्या घेईल. मानवी शरीराच्या ज्ञात हालचालींत ही सर्वांत जलद हालचालींपैकी एक आहे.

या साठवलेल्या शक्तीचे महत्त्व २०१३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या नील रोच व त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनाने स्पष्ट केले. खांद्याच्या या आतील फिरण्यासाठी लागणाऱ्या कार्यापैकी सुमारे निम्मे कार्य ताणलेल्या ऊतींच्या लवचिकपणातून मिळते, असे त्यांना आढळले. चिंपँझी बळाने माणसापेक्षा सरस असूनही त्याला माणसासारखी वेगवान फेक साधत नाही. वळणारी कंबर, खाली उतरलेले रुंद खांदे आणि भुजास्थीची विशिष्ट ठेवण ही वैशिष्ट्ये सुमारे वीस लाख वर्षांपूर्वीच्या मानवात एकत्र आली आणि शिकारीस त्यांची मदत झाली असावी, असे या संशोधकांचे मत आहे.

साध्या गणितानेही पायांचे महत्त्व पटते. क्रिकेटच्या चेंडूचे वजन १५५.९ ते १६३ ग्रॅम असते. असा चेंडू सेकंदास ३० मीटर, म्हणजे ताशी १०८ किलोमीटर वेगाने सुटला, तर त्यात सुमारे ७२ ज्यूल इतकी गतिज ऊर्जा असते. ही ऊर्जा अंतिम झेपेच्या सुमारे विसाव्या हिश्शाच्या सेकंदात दिली गेली असे मानले, तर त्या क्षणाची शक्ती जवळजवळ दोन अश्वशक्ती भरते. एकट्या दंडाच्या स्नायूंना हे पेलणारे नाही. मांड्या, नितंब आणि धड यांच्या मोठ्या स्नायूंनी निर्माण केलेली ऊर्जाच हाताच्या टोकापर्यंत पोचविली जाते.

फटका कसा घडतो?

बॅटीच्या फटक्याचा आरंभही जमिनीतूनच होतो. फलंदाज भार किंचित मागील पायावर घेतो, पुढचे पाऊल टाकतो, ते रोवतो आणि मग कंबर, खांदे, हात व शेवटी बॅट अशी गती पुढे सरकते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी बेसबॉल फलंदाजांच्या अभ्यासात ही क्रमवारी आकड्यांत मांडलेली आहे. त्यात कटिप्रदेशाचा सर्वाधिक वेग सेकंदास सुमारे ७१४ अंश, खांद्यांचा ९३७ अंश आणि हातांचा १,१६० अंश इतका आढळला, तर बॅटीचा रेषीय वेग सेकंदास सुमारे ३१ मीटर, म्हणजे ताशी ११० किलोमीटरच्या पुढे गेला. प्रत्येक पुढचा भाग आधीच्या भागापेक्षा अधिक वेग घेतो, हे या आकड्यांवरून सहज ध्यानात येते.

फटक्यातही काही तरी मागे राहतेच. मात्र ते खांद्यात नव्हे, तर मनगटांत. हात पुढे सरकू लागतात तेव्हा मनगटे मोडलेली असतात आणि बॅट हातांच्या मागे लोंबत येते. हातांची गती कमी होऊ लागताच बॅट झटक्याने पुढे झेपावते. यंत्रशास्त्रात एका लंबकाच्या टोकास दुसरा लंबक अडकवून हे दाखविता येते. पहिला लंबक मंदावला की त्याचा कोनीय संवेग दुसऱ्याकडे जातो आणि दुसरा वेगाने उसळतो. शेतातील आसूड ओढताना मूठ थांबते आणि वादीचे टोक कडाडते, तोच हा न्याय.

क्रिकेटमधील सर्व फटके सारखे नाहीत, हेही लक्षात ठेवले पाहिजे. आखूड टप्प्याचा चेंडू आडव्या बॅटीने पायांच्या बाजूला मारण्याचा 'पुल' हा फटका बेसबॉलच्या फटक्याला सर्वांत जवळचा. त्यात धड उभ्या अक्षाभोवती फिरते. सरळ बॅटीच्या 'ड्राइव्ह'मध्ये मात्र बॅट उभ्या पातळीत झुलते, पुढचे कोपर उंच राहते, वरचा हात दिशा सांभाळतो आणि धडाचे फिरणे मर्यादित असते. म्हणून फेकीशी तुलना करावयाची ती प्रामुख्याने आडव्या बॅटीच्या फटक्यांशी. सरळ ड्राइव्हला ती पूर्णपणे लागू पडत नाही.

दोहोंतील साम्य

वरील वर्णनावरून चार गोष्टी दोन्ही हालचालींत समान असल्याचे दिसून येते. पहिली, शक्तीचा उगम जमिनीवर दिलेल्या रेट्यात आहे. दुसरी, पुढचा पाय हा खुंट्यासारखा आहे. तो ढिला पडला, गुडघा खचला, तर शरीर पुढे वाहत जाते आणि कंबरेचे फिरणे अपुरे राहते. तिसरी, कंबर आधी आणि खांदे मागाहून हा क्रम आहे. या दोहोंमधील क्षणिक अंतरामुळे पोटाचे तिरके स्नायू ताणले जातात व पुढच्याच क्षणी आकसून धडाला वेग देतात. कंबर आणि खांदे एकदमच वळले तर हा लाभ हातचा जातो. चौथी, टोकाकडचा भाग शेवटपर्यंत सैल राहिला पाहिजे. मूठ आवळून, दंड ताठ करून फेकणारा आणि मारणारा हे दोघेही वेग गमावतात.

उजव्या हाताने फेकणारा आणि उजव्या हाताने फलंदाजी करणारा खेळाडू दोन्ही वेळी डावी बाजू पुढे करून उभा राहतो आणि त्याचे धड उजवीकडून डावीकडेच वळते. म्हणून पायांपासून खांद्यांपर्यंतची शिकवण एका कौशल्यातून दुसऱ्यात सहज उतरते. परंतु काही खेळाडू उजव्या हाताने फेकतात व डावखुरी फलंदाजी करतात. सांगलीत वाढलेली आणि २०१३ मध्ये महाराष्ट्राच्या १९ वर्षांखालील संघाकडून गुजरातविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात नाबाद २२४ धावा करणारी स्मृती मानधना हे याचे उत्तम उदाहरण होय. अशा खेळाडूचे धड फेकताना एका दिशेने, तर मारताना विरुद्ध दिशेने वळते. तिच्या बाबतीत अधिक सराईत हात बॅटीच्या मुठीवर वरच्या बाजूस येतो व दिशा राखण्याचे काम त्याच्याकडे जाते. एखादा मुलगा असा उलट उभा राहिला तर त्याला 'चुकला' म्हणून लगेच फिरवून उभे करू नये, एवढा बोध यातून निश्चित घेता येईल.

दोहोंतील भेद

साम्य खांद्यापाशी संपते. तेथून पुढे दोन्ही वाटा वेगळ्या होतात.

फेकीत एकच हात मोकळा सुटतो. त्याला दुसऱ्या हाताचा आधार नसतो. त्यामुळे खांद्याचा सांधा आपल्या मर्यादेपर्यंत मागे पिळला जाऊ शकतो आणि तेथेच अफाट वेग निर्माण होतो. बॅट मात्र दोन्ही हातांनी धरलेली असते. छाती, दोन भुजा आणि मूठ यांचा एक बंदिस्त चौकोन तयार होतो. या चौकोनात एकट्या खांद्याला तसा पीळ बसूच शकत नाही. म्हणूनच 'बॅट फेकल्यासारखी फिरव' ही सूचना कंबरेपुरती खरी आणि खांद्यापुरती खोटी आहे. ती शब्दशः घेऊन मागचे कोपर मोकळे सोडणाऱ्या मुलाची बॅट चेंडूच्या रेषेबाहेर जाते.

दुसरा भेद ओझ्याचा. फेकणाऱ्याच्या हातात दीडशे ग्रॅमच्या आसपास वजन असते. फलंदाजाच्या हातात साधारण सव्वा किलोच्या आसपासची, नियमानुसार जास्तीत जास्त ९६.५ सेंटिमीटर लांबीची बॅट असते. फिरणाऱ्या वस्तूचा गतीला होणारा विरोध तिच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो, पण अक्षापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वजनाचा मध्य मुठीपासून ५० ऐवजी ६० सेंटिमीटरवर गेला तर वजन तेवढेच असूनही हा विरोध ४४ टक्क्यांनी वाढतो. थोरल्या भावाची बॅट घेऊन खेळणारा धाकटा भाऊ उशिरा का पोचतो, याचे उत्तर या वर्गात आहे.

तिसरा भेद वेळेचा. फेक केव्हा सुरू करावयाची हे फेकणाऱ्याच्या हाती असते. फलंदाजाची वेळ गोलंदाज ठरवितो. ताशी १४० किलोमीटर वेगाने सुटलेला चेंडू सुमारे अर्ध्या सेकंदात फलंदाजापाशी पोचतो. त्यातील बराच भाग चेंडू पाहण्यात व निर्णय घेण्यात जातो आणि बॅट फिरविण्यास अल्पसा काळ उरतो. यामुळे फेकणाऱ्याप्रमाणे लांब पाऊल व मोठा झोका घेण्याची चैन फलंदाजाला परवडत नाही. त्याची हालचाल आखूड असावी लागते आणि मध्येच रोखता यावी लागते.

चौथा भेद थांबण्याचा. चेंडू सुटल्यावर तो आपल्यासह थोडी ऊर्जा घेऊन जातो, पण वेगात असलेला हात मागे उरतो. त्याला रोखण्याचे काम खांद्याच्या मागील लहान स्नायूंवर पडते. प्रौढ बेसबॉलपटूंमध्ये या क्षणी खांद्याच्या सांध्याला बाहेर ओढणारा जोर जवळजवळ शरीराच्या वजनाइतका असतो. फटक्यानंतर बॅट दोन्ही हातांत राहते. ती थांबविण्याचा भार दोन्ही खांदे, पाठ आणि कंबर वाटून घेतात.

मुळशीच्या शिवारातील तीन गती

हे तत्त्व समजावून देण्यास महागडी उपकरणे लागत नाहीत. मुळशीच्या शिवारातच त्याचे धडे आहेत.

गोफण ही फेकीची थोरली बहीण. दोरीमुळे हाताची लांबी वाढते. कोनीय वेग तोच ठेवून त्रिज्या दुप्पट केली, तर टोकाचा वेग दुप्पट होतो. हात आणि दोरी यांच्या जोडणीत मनगट सैल राहिले तरच दगड दूर जातो आणि एक दोरी नेमक्या क्षणी सोडली तरच तो दिशेने जातो. राखणदार पाखरावर नेम धरताना पुढचा पाय कसा रोवतो हे पाहिले, म्हणजे भालाफेकीच्या प्रशिक्षकाने सांगितलेली गोष्ट निराळ्या शब्दांत दिसते.

विटी-दांडू हा फेक आणि फटका यांच्यामधला दुवा आहे. दांडू एका हाताने चालतो, म्हणून खांदा मोकळा असतो आणि गती फेकीसारखी असते. परंतु टोला बसतो तो काठीने, म्हणून वेळ साधणे फलंदाजीसारखे असते. उडालेली विटी हवेत असतानाच मारावयाची, म्हणजे नजर व हात यांचा मेळ आलाच. शिवाय समोरच्या गड्याने ती विटी झेलावयाची किंवा परत फेकावयाची असते. एकाच खेळात दोन्ही कौशल्यांचा असा सराव घडविणारे साधन याहून स्वस्त मिळणे कठीण.

भाताची झोडणी हा तिसरा धडा. आता अनेक ठिकाणी मळणी यंत्रे आली असली, तरी ही रीत जुन्या जाणत्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. दोन्ही हातांत पेंढी धरून ती डोक्यावरून मागे न्यावयाची आणि फळीवर किंवा दगडावर आपटावयाची. सराईत माणूस हातांनी झोडत नाही. तो पाय पसरून उभा राहतो, धड पुढे टाकतो आणि हात धडामागून येऊ देतो. पेंढीची टोके शेवटी फळीवर येतात. नवखा मात्र खांद्यांनीच ओढतो व तासाभरात थकतो. झोडणीत गतीची साखळी आहे, दोन्ही हातांची बंदिस्त पकडही आहे. तथापि ही हालचाल पुढे-मागे होते. फेक व आडवा फटका यांत धड उभ्या अक्षाभोवती वळते. शेतकामाने पाठ आणि पाय यांना बळ येते, पण वळण्याची सवय वेगळी लावावी लागते, हे ग्रामीण खेळाडूंना तयार करताना ध्यानात ठेवावे.

इजांचे वेगळेपण

दोन हालचालींतील भेद कोपराच्या दुखापतींत फार स्पष्ट दिसतो. फेकताना कोपराच्या आतील बाजूवर ताण येतो. तेथील अस्थिबंध तुटल्यामुळे टॉमी जॉन या अमेरिकी बेसबॉलपटूवर १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी कंडरा-रोपणाची शस्त्रक्रिया केली आणि पुढे ती शस्त्रक्रिया त्या खेळाडूच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. भालाफेकपटू नीरज चोप्रा याच्या उजव्या, म्हणजे फेकण्याच्या हाताच्या कोपरावर २०१९ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर २०२१ मध्ये टोकियो येथे त्याने ८७.५८ मीटर फेकीसह ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविले. योग्य उपचार आणि धीराने केलेले पुनर्वसन यांचे ते फळ होय.

फलंदाजाचे दुखणे बहुधा कोपराच्या बाहेरील बाजूस असते. मनगट उचलणारे स्नायू तेथे जोडलेले असतात. सचिन तेंडुलकरला २००४ मध्ये 'टेनिस एल्बो'ने ग्रासले. ते दुखणे डाव्या कोपराचे होते, म्हणजेच उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाच्या वरच्या, दिशा सांभाळणाऱ्या हाताचे. एकाच्या उजव्या कोपरावर घाव पडतो, दुसऱ्याच्या डाव्या. दोन्ही हालचाली खांद्यापलीकडे किती वेगळ्या आहेत, याचा याहून बोलका पुरावा नको.

वाढत्या वयातील मुलांची गोष्ट याहूनही नाजूक आहे. कोपराच्या आतील बाजूस हाड वाढविणारी कूर्चेची चकती असते. किशोरवयाच्या मध्यापर्यंत ती पूर्ण जुळलेली नसते. प्रौढात अस्थिबंध दुखावतो, मुलात मात्र ही चकतीच ओढली जाते. टेनिसच्या चेंडूचे वजन ५६ ते ५९.४ ग्रॅम असते. क्रिकेटचा चामडी चेंडू त्याच्या जवळजवळ पावणेतीन पट जड असतो. खाचरात टेनिसच्या चेंडूवर खेळणारा मुलगा निवड चाचणीसाठी एकाएकी चामडी चेंडू घेऊन सीमारेषेवरून फेका करू लागला, तर त्याच्या कोपराला सवय नसलेले ओझे पडते.

यात मुळशीच्या पावसाचाही संबंध येतो. ताम्हिणीच्या बाजूस तर जूनपासून सप्टेंबरपर्यंत उघड्यावर खेळणे जवळजवळ अशक्य असते. अमेरिकेत बाल-बेसबॉलपटूंसाठी केलेल्या शिफारशींत वर्षातून किमान चार महिने फेकीपासून विश्रांती घ्यावी असे सांगितले आहे. ही विश्रांती मुळशीच्या मुलांना निसर्गच देतो. धोका आहे तो विश्रांतीनंतरच्या घाईचा. चार महिने स्वस्थ असलेला हात दिवाळीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात पूर्ण जोराने फेकू लागला, तर चार महिन्यांचा लाभ चार दिवसांत नाहीसा होतो.

शाळेच्या मैदानासाठी

या विवेचनावरून शालेय प्रशिक्षणासाठी पुढील गोष्टी सुचतात :

१. फेक व फटका यांचा समान पाया एकत्र शिकवावा. बाजूवर उभे राहणे, पाऊल टाकून पुढचा पाय रोवणे आणि कंबर आधी वळविणे यांचा सराव हातात काहीही न घेता करता येतो. एक-दोन किलोचा भरीव चेंडू दोन्ही हातांनी बाजूने भिंतीकडे फेकण्याचा व्यायामही दोन्ही कौशल्यांना उपकारक आहे.

२. हातांचे काम वेगवेगळे शिकवावे. फेकीसाठी कोपर खांद्याच्या उंचीवर ठेवून फेकणे, चेंडू सुटल्यावर हात अडविण्याऐवजी विरुद्ध मांडीकडे वाहू देणे; फटक्यासाठी कोपरे अंगाजवळ ठेवून मनगटे उशिरा सोडणे, हे स्वतंत्र धडे होत.

३. पावसाळ्यानंतर तीन-चार आठवडे फेकीचे अंतर, जोर व संख्या क्रमाक्रमाने वाढवावी. आरंभ टेनिसच्या चेंडूने करावा. वर उल्लेखिलेल्या अमेरिकी शिफारशींत सामन्यातील पिचरसाठी ९ ते १० वर्षे वयास दिवसाला ७५ आणि ११ ते १२ वर्षे वयास ८५ फेकांची कमाल मर्यादा आहे. क्षेत्ररक्षणाच्या सरावात फेका मोजण्याची सवय लावण्यास हा आकडा मापदंड म्हणून उपयोगी पडेल.

४. खांद्याच्या फऱ्याभोवतीचे व मागील बाजूचे स्नायू बळकट करावेत. रबरी पट्टी ओढण्याचे हलके व्यायाम त्यासाठी पुरेसे आहेत. चेंडू सोडणारे स्नायू सर्वांना दिसतात. हात थांबविणाऱ्या स्नायूंकडे दुर्लक्ष होते.

५. बॅट मुलाच्या उंचीनुसार निवडावी. मोठी बॅट 'पुढे उपयोगी पडेल' म्हणून देऊ नये. वरच्या एका हातानेच सरळ झोका घेता येत नसेल, तर ती बॅट त्या मुलासाठी जड समजावी.

६. कोपराच्या आतील बाजूस दुखत असल्याचे मुलाने सांगितल्यास फेक त्वरित थांबवून वैद्यकीय सल्ला घ्यावा. 'खेळता खेळता बरे होईल' हे येथे लागू नाही. दुखणाऱ्या हातास विश्रांती देऊन त्या काळात पाय व कंबरेचा सराव चालू ठेवता येतो.

या सूचनांसाठी फारसा खर्च येत नाही. शिक्षकाची बारीक नजर आणि थोडी वही-पेन्सिल एवढेच साहित्य लागते. शालेय स्पर्धांत क्रिकेटबरोबर सॉफ्टबॉल व बेसबॉल हे खेळही आहेत. या तिन्ही खेळांत फेक आणि फटका यांची गाठ पडते. डोंगराळ भागातील मुलांच्या अंगी चपळाई, पायांत बळ आणि कामाची सवय असते. पाय व कंबर यांची शिकवण एकत्र आणि हाताची शिकवण निरनिराळी, एवढा विवेक मैदानावर पाळला गेला, तर या गुणांना योग्य वळण लागेल आणि निवड चाचणीच्या आधीच दुखऱ्या कोपरामुळे खेळ सोडावा लागण्याची वेळ त्यांच्यापैकी कोणावर येणार नाही.